झेंड्याचा वर्ग

शाळेत त्यांना सगळे ठोसेसर म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मोडून कायमचं डावीकडे कललेलं नाक, एका कानाची पाळी फुगून दगड झालेली, हाताच्या सांध्यांवर जुन्या जखमांचे पांढरे वण. खेळाचे मास्तर नसते, तर लोकांनी त्यांना पाहून रस्ता बदलला असता.

मार त्यांच्या वाट्याला लवकर आला होता. वडील खाटीक. दुकान बंद करून घरी आले की दिवसभराचा शीण मुलावर काढायचे. मारताना ते एक शब्द बोलत नसत, त्यामुळे कशासाठी मारलं हे मुलाला कधी कळलंच नाही. पुढे तो बॉक्सिंगच्या क्लबात जाऊ लागला. तिथे त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, की मारण्यालाही नियम असतात, घंटा असते, आणि घंटा झाली की हात खाली घ्यावे लागतात. हे ऐकून तो पोरगा रडला होता म्हणे. मग त्याने पुष्कळ लढती जिंकल्या. शेवटच्या लढतीत समोरच्याचा एक डोळा गेला. तो ठोसा घंटेच्या आधीचा की नंतरचा, यावर लोकांनी बरेच दिवस हुज्जत घातली. त्याने घातली नाही. तो शाळेत नोकरीला लागला.

पहिली बरीच वर्षं ठोसेसरांनी शाळा हातानेच सरळ ठेवली. त्यांची थप्पड खाल्लेली मुलं मोठी होऊन स्वतःच्या मुलांना शाळेत घालायला यायची, तेव्हा हसत गालावर हात ठेवून दाखवायची. मग मुलांना हात लावायचा नाही असा हुकूम आला. सरांनी हात खिशात घातले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मैदानाचं रान झालं. एकाचं बोट दारात धरून चिरडलं. एका मुलीच्या मांडीत कंपासचं टोक घुसलं. एका लहानग्याचं डोकं संडासाच्या भांड्यात दाबून धरलं होतं. तो सुटला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. आया फाटकावर येऊन शिव्याशाप देऊ लागल्या.

मुख्याध्यापिकेला शाळेत मोठ्या बाई म्हणत. त्यांनी बैठक घेतली. ती घोळत राहिली आणि शेवटी ठोसेसरच बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं. शिक्षा करता येत नसेल तर बक्षीस द्या. दर शनिवारी सगळी शाळा मैदानावर उभी करायची. मोठ्या बाईंनी एकेका वर्गाला विचारायचं, तक्रार? ज्या वर्गातून आठवडाभर एकही तक्रार नाही, त्याच्या दारावर पिवळा झेंडा लावायचा आणि त्याला शेवटच्या तासाला मैदान मोकळं द्यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. झेंड्याचं कापड सरांनी स्वतः आणलं आणि त्यांच्या मुलीने शिवून दिलं.

झेंड्याने कमाल केली. फाटक ओस पडलं. आणि सत्र संपत आलं तरी झेंडा एकाच वर्गाच्या दारावरून हलायला तयार नव्हता. त्या वर्गाचा मॉनिटर होता सरांचा नातू.

नवरा सोडून गेल्यावर मुलगी या पोराला घेऊन बापाकडेच राहायला आली होती. ती इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत नर्स होती. दिवसभर लोकांच्या जखमा धुवायची. तिला बॉक्सिंगचा तिटकारा होता, तरी नातू आजोबांच्या हाताखाली तयार झालाच. सरांनी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की ग्लोव्ह घातला की कातडी फाटत नाही. मुठीचा मार दिसतो, ग्लोव्हचा आत जातो. सांगताना ते खेळापुरतंच बोलत होते. पोराने ते नीट लक्षात ठेवलं.

एकदा जेवताना मुलीने विषय काढला. तुमच्या शाळेतला एक मुलगा पुन्हा आला होता, म्हणाली. ताडमाड उंच, वाळकुडा. लघवीतून रक्त जातंय, आणि अंगावर साधा ओरखडा नाही. डॉक्टरांना मुतखड्याची शंका आहे. सरांना मुलगा लगेच लक्षात आला. नातवाच्याच वर्गातला, सगळे त्याला शिडी म्हणत. पोरं पाणी पीत नाहीत, सर म्हणाले, दुसरं काय? नातू ताटात मान घालून जेवत होता. त्याने आणखी एक पोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी सरांनी शिडीला नळापाशी उभं केलं आणि बाटली संपेपर्यंत पाणी पाजलं. रोज एवढं प्यायचं, त्यांनी दरडावलं, मी बघणार आहे. शिडी बाटलीवरून त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायचं असल्यासारखा तो थांबला होता. पण तोवर सरांची शिट्टी वाजली होती.

खेळाचं सामान मैदानाच्या टोकाला एका लांबट खोलीत असे. चेंडूंची जाळी, दोर, मॅटचा ढीग, भिंतीला ठोकलेली व्यायामाची लाकडी शिडी. ग्लोव्ह्ज खिडकीजवळ खिळ्यांना टांगलेले. ते पुसून, नाड्या सोडून, तोंड उघडं ठेवून वाळवायचे हा सरांचा नेम होता. एका शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर त्यांनी सहज एका ग्लोव्हमध्ये हात घातला आणि तो आतून ऊबदार लागला. ओलाही होता. त्या दिवशी बॉक्सिंग नव्हतं. खोलीची किल्ली चेंडू न्यायला फक्त झेंड्याच्या वर्गाच्या मॉनिटरकडे असायची. सरांना उलगडा झाला. पोरगा गुपचूप सराव करतोय. त्यांचा ऊर भरून आला. त्या दिवशी वर्गांवरून जाताना झेंड्याखाली ते उगाच थोडे थांबले.

पुढच्या शुक्रवारी सुट्टीत ते हळूच खोलीकडे गेले. पोराचे पाय कुठे चुकतात ते बघावं, एवढाच विचार होता. दार आतून लावलेलं होतं. ते बाहेर उभे राहून ऐकू लागले. ठोसा ऐकूनही त्यांना मारणारा कळत असे. पहिला ठोसा भुसभुशीत पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा, तिरका, नुसत्या मनगटाचा. हा नातू नव्हे. तिसरा तर एखाद्या मुलीचा असावा, घाबरत मारलेला. प्रत्येक ठोसा वेगळ्या हाताचा होता. मध्ये नाड्या सोडल्याची, बांधल्याची सळसळ. मग एक ठोसा असा बसला की सरांचा स्वतःचा खांदा आपोआप पुढे आला. तो त्यांचाच ठोसा होता. त्यांनी शिकवलेला, पायातून उठून कंबरेतून फिरून आलेला. आणि त्याच्यामागून नातवाचा शांत आवाज.

"उद्या बाईंनी विचारलं तर?"

"काही नाही," कोणीतरी म्हणालं. तोंडात चिंधी कोंबल्यासारखा आवाज होता.

"गेल्या वेळी सगळे 'नाही' म्हणाले आणि तू तोंड मिटून उभा होतास. शिडीला शिडीवर चढवायची आम्हाला हौस आहे का?"

खोलीत हसू फुटलं. सरांनी खांद्याने दार फोडलं.

सगळा वर्ग भिंतीकडे तोंड करून रांगेत उभा होता. शिडीचे हात भिंतीवरच्या लाकडी शिडीच्या वरच्या दांडीला उडी मारायच्या दोराने बांधलेले, सदरा मानेपर्यंत गुंडाळलेला, पाठ उघडी. पाठीवर खरंच ओरखडा नव्हता. फक्त बरगड्यांच्या खालचा भाग लालसर दिसत होता, ताप आल्यासारखा. पायाखाली ओलं झालं होतं, आणि त्या ओल्याचा रंग गुलाबी होता. ग्लोव्ह्ज हातोहात पुढे सरकत आले होते. एकेकाने एकेक ठोसा मारायचा, म्हणजे सांगणारं कोणी उरत नाही. पहिल्या बाकावरच्या दोन मुली ठोसा मारून कोपऱ्यात बसल्या होत्या. एक रडत होती आणि दुसरी तिच्या तोंडावर हात दाबून धरत होती.

नातवाच्या हातात अजून ग्लोव्ह होते. त्याने आजोबांकडे पाहिलं आणि, सवयीने, पवित्रा घेतला.

हुकूम, शाळा, वय, काही मध्ये आलं नाही. सरांचा उघडा हात मुठीत वळला आणि पोराच्या तोंडावर बसला. दात ओठातून आरपार गेला. पोरगा मॅटच्या ढिगावर आदळला, डोकं खिडकीच्या कडेला लागलं, आणि सदरा बघता बघता रक्ताने भिजला. सर पुढे सरकले. त्यांनी त्याची कॉलर धरून त्याला उचललं, दुसऱ्यांदा हात मागे नेला, आणि ती वडिलांची जुनी, मुकी शांतता आपल्या घशात आहे हे त्यांना जाणवलं. आपण एक शब्द बोललेलो नाही. हात तिथेच राहिला.

रांगेतल्या एका मुलाने, अगदी अदबीने, विचारलं,

"सर, हे तक्रारीत धरायचं का? झेंड्याला?"

सरांनी दोर सोडला. शिडी त्यांच्या अंगावर कोसळला, लांबच्या लांब, अगदी हलका. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, नातवाला दंडाला धरलं आणि दोघांना रिक्षात घातलं. मोठ्या बाई मागून दुसऱ्या रिक्षाने आल्या.

ड्रेसिंगच्या खोलीत सरांची मुलगीच कामावर होती. रक्ताने माखलेला स्वतःचा मुलगा बघूनही तिचे हात थांबले नाहीत. कापूस, पाणी, चिमटा. शिडीला शेजारच्या खाटेवर पालथं निजवलं होतं; डॉक्टर त्याच्या पाठीवर बोटं दाबून बघत होते.

"कोणी मारलं?" तिने पोराला विचारलं.

नातवाने आजोबांकडे एक नजर टाकली. त्या नजरेत राग नव्हता. एका वर्गातल्या मुलाने दुसऱ्याकडे बघावं तशी ती होती.

"पडलो," तो फाटक्या ओठाने म्हणाला.

डॉक्टरांनी शिडीलाही तेच विचारलं. त्यानेही तेच सांगितलं.

मोठ्या बाई सरांच्या कानाशी आल्या. त्यांनी हळू आवाजात समजावलं, की दोन्ही मुलं पडलो म्हणतायत, तर आपण कशाला वाढवायचं. तुमची नोकरी जाईल, पोलीस येतील, पोराच्या कपाळावर शिक्का बसेल, शाळेचं नाव जाईल. झेंडा हवं तर दुसऱ्या वर्गाला देऊ. त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. सरांनी मुठीकडे पाहिलं. जुन्या पांढऱ्या वणांमध्ये नातवाच्या दाताची ताजी खूण होती, अजून भळभळणारी.

"कोणी पडलेलं नाही," ते म्हणाले. "ह्याला मी मारलं. त्याला ह्याने मारलं, सगळा वर्ग घेऊन. शुक्रवारी शुक्रवारी. माझ्या ग्लोव्ह्जनी, माझ्या झेंड्यासाठी."

मुलीच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. तिने बापाकडे पाहिलं नाही. ती वळली, मुलाची हनुवटी घट्ट पकडून दिव्याकडे फिरवली, आणि तो ओरडू लागला तरी सोडली नाही.

मग पालथ्या पडलेल्या शिडीने उशीतून तोंड वर काढलं. त्याला मान वळवतानाही कळा येत होत्या. तो सरांकडेच बघत होता, नळापाशी बघितलं होतं तसा.

"सर," तो म्हणाला, "मी पाणी प्यायलो. रोज. तुम्ही सांगितलं तेवढं."

सर त्याच्या खाटेशी गेले आणि खाली, फरशीवर बसले, त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येईल असे.

"अजून सांग," ते म्हणाले.