डॅम्परचं वेटोळं आणि आमचे सर

कॉलेज सुटलं की शिकलेलं सगळं पुसलं जातं, सरांचे किस्से मात्र साचत जातात. परवा सांगलीत आम्ही जुने एम.ई.वाले जमलो. जेवणं आटोपली, आईस्क्रीम झालं, तरी आमचे जगदाळे सर काही संपेनात!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. परदेशात एका नव्या डॅम्परचा बोलबाला होता. डॅम्पर म्हणजे गाडीचे हादरे खाणारं नळकांडं. या नव्यात लोखंडाची भुकटी मिसळलेलं तेल असतं. आतल्या तारेच्या कॉईलमध्ये करंट सोडला की तेल घट्ट होतं. सर म्हणाले, "भारतात आपण पहिले!" सरांनी चौकशी कुठेच केली नव्हती, त्यामुळे ते नेहमीच पहिले असायचे.

तेल आम्ही लॅबमध्येच बनवलं. प्राचार्य बघायला आले. सरांनी तेलाच्या काचेच्या बरणीत सळई खुपसली, ती हलेना. "बघा सर, करंट दिल्याबरोबर दगड!" प्राचार्य थक्क. वडूजचा सुभाष, माझा पार्टनर, कानात पुटपुटला, "गड्या, वायर अजून माझ्याच हातात हाय. भुकटी तळाला बसलीया!"

*

या डॅम्परची खोड म्हणजे हिस्टेरिसिस. वेग वाढताना जोर एक लागतो, तोच वेग कमी होताना दुसरा. त्यामुळे आलेखावर सरळ रेघ न येता फुगीर वेटोळं येतं. आमचं काम हे वेटोळं समीकरणात पकडायचं.

ज्युनिअर पोरांना हे काही केल्या कळेना. सुभाषनं समजावलं, "सर प्राचार्यांच्या केबिनकडं जाताना बघा आन् येताना बघा. रस्ता त्योच, चाल त्याच वेगाची. पर जाताना वाघ, येताना शेळी. झालं हिस्टेरिसिस!"

पोरांना आयुष्यभराचं समजलं. सर मागेच उभे होते.

*

एकदा डॅम्पर दाखवायला सर आणि आम्ही एस.टी.नं साताऱ्याच्या एका कारखान्यात निघालो. सरांनी तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेला. गाडी अशी आदळत होती की बोलताना जीभ चावली जावी. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे?"

"हादरे शोषून घेणारं यंत्र."

"मग मांडीवर कशाला घेतलंय सायेब? गाडीला लावा की!"

*

सरांचं समीकरण देखणं होतं. दोष एकच, डॅम्पर त्याप्रमाणे वागत नव्हता. आमचं मोजलेलं वेटोळं एका टोकाला वाकडं यायचं. सुभाष म्हणाला, "सर, समीकरणात काहीतरी राहिलंय."

सर भडकले. "समीकरण बरोबर आहे. डॅम्पर चुकतोय. डॅम्पर बदला!"

*

सुभाषला डिग्री मिळाली ती अशी. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांनी त्याला बजावलं, "वाकडं टोक काढून टाक. ग्राफ जुळला नाही तर मी सही करणार नाही." सुभाष म्हणाला, "सर, जे आलंय त्ये आलंय. न्हाई काढणार." घरातला पहिला इंजिनिअर तो. त्या आठवड्यात त्याला जेवण जाईना. शेवटी सरांनीच जुळणारा ग्राफ आखला, प्रबंधात घातला आणि सही केली.

परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले. मी प्रोजेक्टरपाशी उभा. पडद्यावर ग्राफ आला. दोन वेटोळी, एकावर एक तंतोतंत.

"वा! यातलं मॉडेलचं कुठलं आणि प्रयोगाचं कुठलं?"

सुभाषनं सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते.

"साहेब, ही दोन्ही सरांची हायत. माझं पिशवीत हाय."

परीक्षक सुभाषकडे वळले. म्हणाले, "काढा."

सुभाषनं ते वाकडं वेटोळं टेबलावर पसरलं. परीक्षकांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि प्रश्नांवर प्रश्न सुरू केले. सुभाष आधी अडखळला, मग खुलला. शेवटी शेवटी तर दोघं एकाच कागदावर वाकून भांडत होते!

सर बराच वेळ चुळबुळत होते. अखेर घसा खाकरून म्हणाले, "चहा सांगू का, साहेब?"

परीक्षकांनी कागदावरून मान वर केली नाही.

"सांगा की. मला आणि यांना!"