नवी कातडी

ओल्या काजूच्या उसळीचा वास आला की मला आजही मळमळतं. लोक मिटक्या मारत खातात, मी पानावरून उठते. नखरे म्हणा हवं तर.

आठवी संपली त्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणजे करवली मीच. नवी साडी, गजरा, हातात करा घेऊन नवऱ्याच्या मागे उभं राहायचं. आरशासमोर तांब्या धरून मी सरावसुद्धा केला होता. मग लग्नाच्या तयारीला मुंबईहून काकू, त्याची आई, आली आणि ओटीवर बसून, माझ्यादेखत, आईला म्हणाली, "अगो, फोटो रंगीत काढायचे आहेत. ही काळीकुट्ट करवली प्रत्येक फोटोत येणार. त्यापेक्षा माझ्या भाचीला उभी करूया." आणि वर खदाखदा हसली. शी! हसण्यासारखं काय होतं मेलीला? आई चहा टाकायला आत गेली.

आई तेव्हा लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. टरफलातलं तेल लागून बोटांची कातडी जळायची, काळी पडायची, सालं निघायची. राख लावा, खोबरेल लावा, काही उपयोग नाही. मला त्या हातांची किळस यायची. तिने कालवलेला भात घशाखाली उतरत नसे, हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण त्या काळ्या सालीखालून नवी कातडी यायची ती गुलाबी, गोरीपान. काकू हसली त्या दिवशी मला वाटलं, बोटांना होतं तर तोंडाला का नाही?

परसात जाऊन मी बी दगडाने ठेचली आणि काडीने तेल उजव्या गालाला फासलं. आधी एकाच गालाला लावून बघू, एवढं शहाणपण मात्र होतं! तासाभरात नुसती आग आग. सकाळी गाल असा सुजला की डोळा उघडेना. मग फोड आले, फुटले, पू झाला. गाल उशीला चिकटायचा, ओढून सोडवावा लागायचा. माश्या घोंगावायच्या. माझा वास मलाच सहन होत नव्हता. आईने आधी पाठीत धपाटा घातला, मग रडत रडत खोबरेल लावलं. काकू म्हणाली, "कुणाला सांगू नका हो, लग्नघर आहे."

लग्नाला बारा दिवस राहिले तेव्हा खपली पडली. काकूने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "अगो बाय, उजळली की गो ही!" तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

आई पुढे आली. पदराला हात पुसून तिने त्या गुलाबी डागावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही काकूला फाडून खाणार. इतके दिवस गिळलेलं सगळं ओकणार.

आई हळूच काकूला म्हणाली, "दुसऱ्या गालाला आज लावलं, तर लग्नापर्यंत सुकेल ना गो?"

त्या दोघींची मला किळस आली, अगदी ओकारी येईल इतकी. पण मी बोटांवर दिवस मोजत होते.