बारवेतलं पोर

मला हाक मारता येत नाही. गडी वावराच्या पल्याड असला तर मी चालत जातो आणि त्याच्या खांद्याला हात लावतो. बायको म्हणते, "साप निघाला तरी हे आधी सूर लावतील." खरं आहे तिचं. ओरडायच्या वयात माझा गळा माझा नव्हताच. तो पंचक्रोशीचा होता आणि त्याची राखण वडिलांकडे होती.

मोगलाईतले दिवस. उमापूरच्या अंगाला आमचं गाव. धड बोलता येईना तेव्हापासून मी वडिलांच्या मृदंगावर अभंग म्हणत होतो. नारायणगडाच्या जत्रेत पांढऱ्या मिशांची माणसं माझ्या पाया पडायची. मराठी न कळणारे, उर्दूत कारभार करणारे तहसीलदारसाहेबही मान डोलवायचे.

घरी मात्र या देवाला पथ्य फार. चिंच नाही, बोरं नाहीत, ताक नाही, पोरांत जाऊन ओरडणं नाही. पोरंही मला 'महाराज' म्हणायची आणि विटीदांडूत घ्यायची नाहीत. सूर चुकला की पाठीत धपाटा बसे आणि लगेच दम, "रडू नगं, आवाज बसतो!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी हुंदका गिळायला शिकलो. वडिलांचा राग यायचाच, पण गळा गेला तर ते माझ्याकडे बघतील तरी का, ही भीती त्याहून मोठी होती.

पहाटे ते मला बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसवून वर थांबायचे. मी ओळ म्हटली की खालून कुणीतरी तीच म्हणायचं. पाण्यात एक पोर राहतं, अशी माझी खात्रीच होती. त्याला वडील नसावेत. ते दिवसभर चिंचा खात असेल, हवं तेव्हा भोकाड पसरत असेल. पाण्यावर लिंबाचा पाला हळूहळू फिरायचा, डोळे पेंगायचे, आणि गातंय कोण, मी की ते, हेच कळेनासं व्हायचं. वाटायचं, आपण खाली उतरावं आणि त्याला वर पाठवावं. वडिलांना सूर मिळाल्याशी कारण.

मिसरूड फुटायच्या सुमाराला, गडावर, भर जत्रेत माझा आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. वडिलांचा हात मृदंगावर तसाच राहिला. मग कुणीतरी दुसरं एक लहान पोर पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी नेहमीसारखं उठवलं आणि बारवेवर नेलं. आज मार, असं मी धरूनच चाललो होतो. पण ते माझ्याजवळ पायरीवर बसले आणि बंडीच्या खिशातून चिंचेचा आकडा काढला.

"खा."

मी हात पुढे केला नाही.

"खा की. आता कावून भ्यायचं?"

तेव्हा मला कळलं, सगळं संपलं. हुंदका आला आणि सवयीनं मी तो गिळला. वडिलांनी पाठीवर हात ठेवला.

"रड," ते म्हणाले. "आता रडलास तरी चालतंय."

मी तोंड उघडून, गळा काढून रडलो. पाण्यातलं ते पोरही माझ्याबरोबर रडायला लागलं. वडील नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं बोट मांडीवर ताल धरत होतं, ते थोड्या वेळानं थांबलं.