इसहाकचं काळं तेल

बोर्ली पंचतनच्या दिवेआगरकडच्या टोकाला, जिथे माती संपून वाळू सुरू होते, तिथे इसहाकचं घर होतं. त्याला लागून बाळाजीची वाडी. दोघांच्या मध्ये एक विहीर आणि तिच्यावर दोन रहाट, एक या घराचा, एक त्या घराचा. दोघांच्या आजोबांनी मिळून ती खोदली होती. उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी मचूळ व्हायच्या, हिचं पाणी मात्र गोड राहायचं. नवाबाचं संस्थान गेलं त्या वर्षी गावात बरीच कुजबुज झाली, कोण कुणाचा याचे हिशेब झाले. पण सकाळी बाळाजीची बायको मनुबाई तिच्या बाजूने आणि इसहाकची बायको सफुरा तिच्या बाजूने पाणी ओढतच होत्या. आपापल्या सुनांची उणीदुणी काढायला दोघींना दुसरी जागा नव्हती.

इसहाक तरुणपणी आगबोटीवर इंजिनात तेल घालायच्या कामाला होता. गावी परतला तो एक जुनी फोर्ड गाडी घेऊन. दिघीला बोटीचे उतारू उतरले की त्यांना घेऊन यायचा. गाडी म्हणजे नुसता खुळखुळा होती, पण तिचं तेल बदलायचा दिवस घरात सणासारखा असायचा. सफुरा म्हणायची, "माझ्या निकाहाला येवढी तयारी केली न्हाय यानं."

आणि ते खरंच होतं. आधी गाडी वेशीपर्यंत फिरवून आणायची, म्हणजे तेल पातळ होतं. मग पुढची चाकं जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. खाली गोणपाट, त्यावर चुलीतली राख, राखेवर घासलेटचा आडवा कापलेला डबा. इसहाक पाठीवर सरपटत आत जायचा. इंजिनाच्या बुडाचं बूच पान्याने सैल करायचा आणि मग पाना टाकून बोटांनी फिरवायचा. फिरवताना ते वर दाबून धरायचा, म्हणजे आटे सुटले तरी तेल बाहेर येत नाही. शेवटी हात झटकन बाजूला घेतला की काळी धार सरळ डब्यात. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो तिथेच पडून राही. नवं तेल घालताना डब्याचं तोंड खालच्या अंगाला नाही, वरच्या अंगाला ठेवायचं, नाहीतर तेल गचके देत सांडतं. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे करायचा की आम्ही शेजारची पोरं ओट्यावर बसून त्याची टिंगल करायचो.

"हसा," तो म्हणायचा. "खाली विहीर हाय. एक थेंब तिकडं गेला तर बाळाजीदादांना तोंड कसं दाखवू?"

निघालेलं काळं तेल भरडखोलचे कोळी होड्यांना लावायला न्यायचे. ते येईपर्यंत ठेवायचं कुठे? डबा उघड्यावर ठेवला तर कोंबड्या कलंडवणार. आमच्याकडे रांजण कलंडू नये म्हणून गळ्यापर्यंत वाळूत पुरायची रीत आहे. इसहाकने तेच केलं. माडाच्या बुंध्याशी, सावलीत, एक जुना रांजण पुरला, वर फळी ठेवली आणि तेल त्यात ओतू लागला. कोळी यायचे, काढून न्यायचे, जाताना परसात दोन बांगडे ठेवून जायचे. तो गाडीवर असला तरी कुणाचं अडत नव्हतं.

पुढे होड्यांना इंजिनं आली. कोळ्यांचं स्वतःचंच काळं तेल निघू लागलं आणि त्यांनी येणं सोडलं. बांगडेही बंद झाले, पण त्या सालात मासळीच कमी होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. इसहाक ओतत राहिला. रांजण कधी भरला नाही. त्याला वाटायचं, नेत असतील.

एका वैशाखात मनुबाईने हंडा वर घेतला तर पाण्यावर मोरपिसासारखे रंग तरंगत होते. भाताला वास यायला लागला. इसहाकने आधी गाडीखाली पाहिलं, राख कोरडी होती. मग काय सुचलं कोण जाणे, तो फावडं घेऊन माडाकडे गेला. रांजण उकरून काढला तर बुडाला भेग, आणि भेगेतून बोटभर जाड मूळ आत शिरलेलं. आतमध्ये तळाला नुसता काळा चिकट गाळ होता. बाकी सगळं खाली गेलं होतं.

मला आजही त्या माणसाचा राग येत नाही, कीव येते. वर एक थेंब सांडू दिला नाही त्याने.

मनुबाई देवळाच्या विहिरीवर जाऊ लागली. तिथे सफुराला कसं जाता येणार? ती मशिदीमागच्या विहिरीवर जाऊ लागली. दोन बायका दोन दिशांना.

इसहाकने विहीर उपसायला घेतली. दर उन्हाळ्यात तळ दिसेपर्यंत उपसायची, गाळ काढायचा, पुन्हा भरू द्यायची. कंबर गेली त्याची. काही वर्षांनी पाणी नितळ दिसू लागलं. पण त्याच्या नाकात आणि जिभेवर जन्मभराचं तेल, स्वतःच्या चवीवर त्याचा भरवसा नव्हता. तांब्या भरून तो बाळाजीकडे गेला.

"चाखून सांगा, दादा. खरं सांगा."

बाळाजीने तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. "गोड हाय रे. पयल्यासारखं."

मीही प्यायलो. गोडच होतं. इसहाक त्या दिवशी गाडीचा भोंगा वाजवत गावभर फिरला.

दुसऱ्या सकाळी मनुबाई हंडा घेऊन देवळाच्या वाटेला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. मागाहून मी विचारलं तर म्हणाली, "आता तितंच जायची सवय झाली, बाबा. बायका भेटत्यात." पण इसहाकने आपल्या दारातून तिला जाताना पाहिलं होतं.

बाळाजीला ते कळलं तेव्हा तो स्वतः रहाटावर आला. म्हाताऱ्या हातांनी रोज एक कळशी ओढायचा आणि इसहाकला दिसेल असं ओट्यावर बसून प्यायचा. चार माणसांदेखत सांगायचा, पाणी गोड हाय. मीही सांगितलं. सफुराने सांगितलं. इसहाक मान हलवायचा आणि आत जायचा.

एक दिवस तो विहिरीवर आला आणि बाळाजीच्या हातातला दोर त्याने काढून घेतला. "बस करा, दादा. माझ्यापायी घाण पाणी पिऊ नका. तुमचा जीव जाईल, मग मी अल्लाला काय सांगू?"

बाळाजी खूप बोलला, देवाची शपथ घेतली, शेवटी रडला. इसहाकला ते रडणंही दयेचंच वाटलं.

पावसाच्या आधी त्याने जांभ्याचे चिरे आणून विहिरीत टाकायला सुरुवात केली. बाळाजीने अडवलं नाही. त्याच्यात ते बळ उरलं नव्हतं. चिरा पडला की खालून स्वच्छ पाणी उसळून कठड्यापर्यंत यायचं, आणि इसहाक तोंड फिरवून पुढचा चिरा उचलायचा.