स्ट्रॉबेरीच्या वासाचं तेल

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कबूल? बघा हं. कारण गाढवपणा सगळेच करतात, पण गाढवपणाबद्दल भर सभेत सत्कार झालेला माणूस तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

तर माझा मेव्हणा तानाजी फौजेतून रिटायर होऊन पलूसला आला. निम्मी नोकरी बर्फात काढलेली. इथल्या उन्हात त्याचा जीव रमेना. आमचं द्राक्षांसाठी बांधलेलं एक कोल्ड स्टोरेज बंद पडून होतं. एक दिवस तो त्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, हितं बर्फ पाडू. तिकीट लावू, लोकं बघाय येतील."

मला वाटलं, ऊन लागलं ह्याला. पण पाडला की हो! मशीन आणलं, भुशासारखा बर्फ पसरला, भिंतीवर देवदाराची झाडं रंगवली. वर हिमाचलातून एक जुनी स्नो स्कूटर आणली. म्हणजे पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रणगाड्यासारखा पट्टा आणि मधे जीव मुठीत धरलेला माणूस. आमच्या दोघांची होती नव्हती ती पुंजी त्या बर्फात गेली.

स्कूटर होती टू-स्ट्रोक. जुन्या मोपेडसारखं पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचं. गाडीबरोबर आलेला तेलाचा डबा ट्रायलमध्येच संपला. रिकामा डबा नाकाला लावून तानाजी मला म्हणाला, "दाजी, वास घ्या."

घेतला. चक्क स्ट्रॉबेरी!

"भारीतलं तेल हाय. धूर न्हाई, घाण न्हाई. उद्घाटनाला ह्येच पायजे. सांगलीला जाऊन ह्येच आणा."

"अरे, जाळायचंच आहे ना ते? मग भारी काय न हलकं काय?"

"तसं न्हवं दाजी. बंद खोली हाय. हलकं तेल घातलं तर मानसं फुफाट्यात बसल्यागत खोकतील. आन मला वासावरनं कळतंय, काय?"

ह्या 'काय?' नेच घात केला. मी मोबाईलवर तेलाचे बरेच व्हिडिओ पाहिलेले. त्यातल्या एका दाढीवाल्यानं ठणकावून सांगितलेलं, भारी तेल म्हणजे नुसता डब्याचा थाट. इतकं ज्ञान असताना माणूस शांत कसा बसणार?

सांगलीला गेलो आणि सुटं, काळपट, स्वस्तातलं तेल घेऊन आलो. घरी येऊन ते त्या रिकाम्या भारी डब्यात ओतलं. वास घेतला. गॅरेज! आता?

फ्रीज उघडला. आत बायकोनं पाचगणीहून आणलेली स्ट्रॉबेरी क्रशची बाटली. आता तुम्ही म्हणाल, नाही, एवढा मूर्ख माणूस नसतो. असतो! चांगली अर्धी बाटली डब्यात ओतली आणि डबा खळखळा हलवला.

बायको, सुनंदा, दारात उभी. "आवं, सरबत कुनाला करताय?"

"पाहुण्यांना," मी म्हणालो.

सकाळी तानाजीनं डबा उघडून डोळे मिटले. लांब श्वास घेतला. अहो, गहिवरला तो! "दाजी, ह्योच! ह्योच त्यो वास! बर्फातल्या फौजी पोस्टवर असल्यागत वाटाय लागलंय."

मी मनातल्या मनात त्या दाढीवाल्याला मुजरा केला.

उद्घाटनाला आमच्या भागातले पुढारी आप्पासाहेब. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि आप्पासाहेब लोकरी कोट, मफलर, कानटोपी, वर गॉगल असे गाडीतून उतरले. मागचे सगळे कार्यकर्तेही तसेच. घामानं निथळत, पण एकानं म्हणून स्वेटर काढला नाही. साहेबांनी कानटोपी काढल्याशिवाय कोण काढणार?

फीत कापली. आप्पासाहेब स्कूटरवर बसले, मागं तानाजी. बटण दाबलं. भुर्रर्र! टाळ्या! अर्धी फेरी सुरेख झाली. मग गाडीला उचकी लागली. एक, दोन, मग सलग. आणि मागून जो धूर सुटला! पांढरा नाही, काळा नाही, तांबूस! भिंतीवरचे देवदार दिसेनात. फोटोवाला दिसेना. पुढारी दिसेनात!

"शटर उघडा! शटर!" धुरातून तानाजी ओरडला.

शटर वर गेलं, माणसं खोकत बाहेर पडली. शेवटी आप्पासाहेब आले, मिशीवर काजळी. मी हात जोडून उभा. आता हे काय बोलतात? गेली आपली पुंजी, गेली अब्रू!

आप्पासाहेब थांबले. नाक वर करून त्यांनी दोनदा हुंगलं.

"ह्यो वास गुऱ्हाळाचा हाय."

साखर जळालेली हो! सगळ्या आवारात गूळ उकळल्यासारखा घमघमाट.

"काय घातलंय गाडीत? खरं सांगा."

मी म्हणालो, "ते... साहेब... थोडं... गोड..."

"गोड!" आप्पासाहेबांनी माझा दंडच धरला आणि मला स्टेजवर नेलं. माईक हातात घेतला. "मंडळी, मी किती वर्सं सांगतोय, उसापासनं नुसती साखर करू नका! आज ह्या आपल्या पाव्हण्यानं उसाच्या पाकावर गाडी पळवून दावली! बर्फाची गाडी! परदेशात जमलं न्हाई, ते पलूसमधी जमलं!"

टाळ्यांचा कडकडाट! मी "नाही, नाही" म्हणतोय, तर लोकांना वाटलं, विनय! शाल पडली, नारळ हातात आला. एका कार्यकर्त्यानं विचारलं, "साहेब, धूर लय झाला, त्याचं काय?" आप्पासाहेब म्हणाले, "पयलं पयलं व्हतंच."

पाहुणे गेल्यावर तानाजीनं गाडी खोलली. कार्बोरेटरमधून चिकट, लालसर गोळा निघाला, बियांसकट. त्यानं तो बोटावर घेतला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दाजी, स्ट्रॉबेरीच्या बिया?"

मी मान खाली घातली. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हा फौजी मला ह्याच बर्फात पुरणार. पण तो आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाला, "सकाळी मी डोळं मिटून वास घेतल्याला कुनाला सांगू नका. मी बी काय बोलत न्हाई."

झाला तह!

पण गावाचा तह कुठं झाला होता? दुसऱ्या दिवसापासून फोन. इस्लामपूरहून एकजण, "पाक एकतारी लागतो का दोनतारी?" आटपाडीहून दुसरा, "आमच्याकडं ऊस न्हाई, डाळिंबाचा रस चालंल का?" खरं सांगावं तर सत्कार खोटा पडतो, आणि आप्पासाहेबही. मी सगळ्यांना सांगायचो, "संशोधन चालू आहे." हे वाक्य फार सोयीचं, लक्षात ठेवा.

आठवडाभरानं सासरे आले. अंगणात माझी नवी मोटरसायकल उभी होती. मी आंघोळ करून बाहेर आलो तर सासरे टाकीचं झाकण लावत होते. हातात घरच्या काकवीची बरणी. रिकामी!

"मामा, काय केलंत हे?"

"जावईबापू, सगळा तालुका तुमचं नाव घेतोय आन तुमी घरच्या गाडीत अजून पेट्रोल जाळताय? बरं दिसतं का? म्या सोताच्या हातानं वतली. बसा, मारा किक!"

सासऱ्यांचा चेहरा अभिमानानं फुललेला. मी बसलो आणि किक मारली.

त्यानंतर दोन फर्लांग गाडी ढकलत गॅरेज गाठलं. सासरे बरोबरीनं चालत होते. रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमचं जावई. संशोधन चालू हाय."