अप्पांचं कुलूप

अप्पा शिवैक्य झाल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यांनीच टाईप केलेल्या एका अर्जाच्या झेरॉक्स काढत होतो. सकाळी छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं... मल्लिनाथअप्पा म्हणजे लोहाऱ्याच्या तहसीलसमोरचे अर्जनवीस. लोकांच्या तक्रारी, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देणारे. त्यांचं टेबल माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून होतं. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला आणि बाजारात आता त्यांच्याविषयी भलतंसलतं बोललं जातंय. ते ऐकून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलो.

टाईपरायटर गेला, लॅपटॉप आला, पण अप्पांची बोटं तीच राहिली. मराठीच्या जुन्या कीबोर्डावर डोळे मिटून चालायची. सीमेकडची म्हातारी माणसं आली की गाऱ्हाणं कन्नडमध्ये ऐकायचे, मराठीत उतरवायचे आणि परत कन्नडमध्ये वाचून दाखवायचे. एक शब्द इकडचा तिकडं झालेला खपायचा नाही. लॅपटॉपच्या आख्ख्या हार्डडिस्कला त्यांनी पासवर्डाचं कुलूप घालून घेतलं होतं. डिस्क काढून दुसरीकडं जोडली तरी अक्षर वाचता येणार नाही, असं. चहाला उठतानाही ते कुलूप घालायचेच. मी चिडवायचो, "अप्पा, सोनं ठिवलंय का काय आत?" एकदा मात्र ते हसले नाहीत.

"एका बाईचा जीव हाय यात," ते हळूच म्हणाले. "दीर जिवावर उठलाय, असं तिनं लिहून ठिवलंय. अजून दिलं न्हाय कुठं. एक प्रत तिच्या भावाकडं, एक इथं. दिराच्या हाती लागलं तर बाई खलास."

"आन तुमालाच काय झालं तर?"

"तर हे उघडायचं न्हाय कुणी. जाळून टाकायचं."

मी मान डोलावली. किती सहज डोलावली, देवा...

दहाव्याच्या आदल्या दिवशी अप्पांच्या बायकोनं, काकूंनी, मला बोलावून घेतलं. फ्रेमला लावायला अप्पांचा एकही धड फोटो नव्हता. जे काही होते ते लॅपटॉपात. जावयानं जन्मतारखा, देवांची नावं, नातवंडांची नावं सगळं टाकून बघितलं होतं. काकू रडवेल्या झाल्या होत्या. मला अप्पांची बोटं आठवली. पासवर्डाच्या जागी इंग्रजीच उमटतं, पण अप्पा तिथंही मराठीच्याच कळा दाबत असणार! मग शब्द कोणता? त्यांचा प्रत्येक अर्ज ज्या शब्दानं सुरू व्हायचा तोच. मी मराठी कीबोर्ड समोर ठेवून 'सेवेशी'च्या कळा एकेक करून दाबल्या. उघडलं. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मला काय ती फुशारकी चढली! संध्याकाळपर्यंत हॉटेलात चार जणांना सांगून मोकळा झालो.

आठ दिवसांत जावयाला गिऱ्हाईक भेटलं. पोराच्या अभ्यासाला जुना लॅपटॉप पाहिजे म्हणाला. जावयानं मला कुलूप काढून द्यायला सांगितलं. मी अर्जांचं फोल्डर डिलीट केलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि मग पासवर्ड काढला. डिलीट केलं म्हणजे गेलं, एवढीच माझी अक्कल. नुसतं नाव पुसलं जातं, मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो आणि जाणकार तो परत काढतो, हे मला नंतर कळलं. कुलूप तसंच राहिलं असतं तर कुणाच्या बापाला वाचता आलं नसतं.

मागच्या सोमवारी भरदुपारी एक माणूस दुकानात आला. कागद काचेवर ठेवून म्हणाला, "दोन प्रती काढा." वर पहिलाच शब्द 'सेवेशी', मांडणी अप्पांचीच. खाली बाईचं नाव, भावाचा फोन नंबर, आणि दिराचं नाव. समोर उभा होता तोच, बाजारात रोज दिसणारा.

"कुठनं मिळाला हो?" मी कसंबसं विचारलं.

"अप्पानंच दिला जायच्या आधी. चांगला मानूस," तो म्हणाला आणि हसला. लॅपटॉपचं गिऱ्हाईक कुणी पाठवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी दोन काढल्या. कागद अडकल्याचं दाखवून तिसरीही काढली. तो निघून गेला तशी परंड्याला, तिच्या भावाच्या नंबरवर फोन लावला. फोन तिनंच उचलला. तो कागद तुमच्या दिराच्या हातात आहे, तिथं थांबू नका, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "म्या अप्पांवर इश्वास ठिवला होता."

'अप्पांनी न्हाय, बाई, मी,' एवढंच म्हणायचं होतं. तिनं फोन ठेवला. तेव्हापासून तो नंबर बंद लागतोय. तिसरी प्रत ठाण्यात दिली, बघतो म्हणाले. काल परंड्याला जाऊन आलो. भावाच्या घराला कुलूप आहे, आणि कुठं गेले ते शेजारच्यांनाही माहीत नाही. ताई, तुम्ही जिथं असाल तिथं हे वाचलंत, तर सांगतो, अप्पांनी तुम्हाला दिलेला शब्द मोडला नाही. मी मोडला.