एका नंबरचे तीन तुकडे

पुनाजी कुमरे पहाटे चारला उठायचा. पाणी भरायचा, बायकोने, सखूने, थापलेल्या तीन भाकरी फडक्यात बांधायचा आणि पाचला आंजीहून सायकल काढायचा. साडेसहाच्या आत वर्ध्याला नालवाडीपुढच्या भंगार गोदामाच्या फाटकाशी हजर. अशी एकोणीस वर्षे. मी तिथेच गॅस कटर चालवायचो. तो उचलायचा, मी कापायचो. दिवसाला चार टन माल त्याच्या पाठीवरून काट्यावर जायचा. चार म्हणजे चारच, अंदाजाने सांगत नाही.

वर्षातून एकदोनदा लिलावाच्या मालात जुन्या फौजी रायफली यायच्या. प्रत्येकीचे आधीच तीन तुकडे केलेले असत: लाकडी दस्ता, मधल्या लोखंडी भागाला लागून अर्धी नळी आणि पुढची अर्धी नळी. नळी मधोमध कापलेली. सगळं पोत्यांत कोंबलेलं, एकीचं दुसरीत मिसळलेलं. आम्हाला त्यात लोखंड आणि जळण दिसायचं. पुनाजीला नंबर दिसले. प्रत्येक तुकड्यावर बारीक आकडे ठोकलेले होते, आणि एका रायफलीच्या सगळ्या तुकड्यांवर तेच आकडे. त्याला वाचता जेमतेम यायचं, पण आकडा एकदा पाहिला की विसरत नव्हता.

सुट्टी झाली की तो तासभर ढिगाऱ्यात बसायचा. दस्ता उचल, पूस, आकडा पाहा, बाजूला ठेव. एका नंबरचे सगळे तुकडे सापडायला कधी वर्ष लागायचं, कधी पाच. सापडले की शेठला किलोच्या भावाने मजुरीतून कापून द्यायचा आणि माझ्याकडे आणायचा. माझी अट एकच. नळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरीव सळई घालीन, मगच जोडीन. जोडाचा फुगवटा तो स्वतः कानशीने घासायचा. एका जोडाला दोन संध्याकाळी. घासून झाल्यावर बोट फिरवलं तरी जोड लागत नसे. अशा चार रायफली मी त्याला जोडून दिल्या.

रायफलींसोबत तो जुन्या सुऱ्या आणि कोयतेही जमवायचा, पण ते भंगारातले नव्हते. ते तो गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून, गिरडच्या यात्रेतून, तानबा लोहाराकडून आणायचा. नवा कोयता द्यायचा आणि झिजलेला जुना घ्यायचा. मी एकदा म्हटलं, "येडा आहेस का बे? नवं देऊन जुनं घेते."

त्याने लाकडी मूठ माझ्यापुढे धरली. "पाह्य ना गुलाबभाऊ. बुढ्याचा अंगठा कुठं राहे ते दिसून राह्यलं."

गेल्या दसऱ्याला पुनाजीने नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली. त्या साली त्याची पोरगी स्वीटी पोलीस भरतीत निवडली गेली होती. तिने तीन वर्षे रोज पहाटे आंजीच्या रस्त्यावर धावून ते मिळवलं होतं. पुनाजीने निवड यादीचा छापील कागद आणला, रायफली आणि सुऱ्यांच्या मधोमध ठेवला, हळदकुंकू वाहिलं. त्याचा फोटो काढला आणि मोबाईलच्या स्टेटसवर टाकला. देवापुढे ठेवलेली वस्तू चारचौघांना दाखवावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी तो फोटो पाहून ठाण्याचे जमादार पुंडलिकराव दारात उभे राहिले. सोबत एक शिपाई आणि मोजायची टेप.

"पुनाजी, काय करून ठेवलं बावा हे? पोरीच्या भरतीच्या चौकशीचा कागद माह्याच टेबलावर पडून आहे. त्याच्यावर काय लिहू मी? बापाच्या घरी तोफखाना आहे म्हणून?"

पुनाजीने मला फोन लावला. "गुलाबभाऊ, कटर घेऊन येजो. आत्ताच्या आत्ता." मी सिलिंडर ऑटोत टाकला आणि निघालो. त्याच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

पोचलो तेव्हा अंगणात सुऱ्यांची मोजणी चालली होती. नऊ इंचांहून लांब पातं असलं तर ते हत्यार. मात्र शेताचं किंवा घरचं अवजार असेल तर चालतं. म्हणून प्रत्येक पात्याचं काम सांगणं भाग होतं. सखू एकेक भिंतीवरून काढत होती.

"हे सिंदी तासाचं. हे बांबू सोलाचं."

"नुसतं सांगू नको, करून दाखव," जमादार म्हणाले.

सखूने कुडाचा बांबू ओढला आणि सोलला. सिंदीच्या झावळ्या तासल्या. मासोळी कापायच्या पात्यासाठी मासोळी नव्हती, तर दोडका चिरला. अकरा पात्यांना तास लागला. तिचा एक काप वाकडा गेला नाही. शेवटी लांब, वाकडं एक पातं उरलं. त्याचं काम तिला आठवेना.

"अन् हे?"

"ह्यानं माही सासू सासऱ्याले धाकात ठेवे," सखू म्हणाली.

शिपाई फिसकन हसला. जमादारांनी टेप गुंडाळली. "मंग हे घरगुतीच झालं. लिही रे."

रायफलींना असं काही काम दाखवता येत नव्हतं. त्यांच्यातून गोळी सुटत नाही, एवढंच दाखवणं शक्य होतं. मी कटर पेटवला. पहिलीचा जोड कापला. आत सळई. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांत सळई. जिथे पुनाजीने दोन-दोन संध्याकाळी कानस चालवली होती तिथे मला प्रत्येकी दोन मिनिटं पुरली. तो समोर उकिडवा बसून पाहत होता.

भिंतीवर पाचवी होती. ती मी जोडलेली नव्हती. जवळ जाऊन पाहिलं. नळी अख्खी होती. कधीतरी पोत्याच्या तळाशी न कापता आलेली असणार. पोतं तपासणं माझं काम होतं, आणि मी ते तपासलं नव्हतं. मी कटरची ज्योत बारीक करून मागे सरलो.

जमादारांनी घड्याळ पाहिलं. "चार पाह्यल्या. पाचवीही तशीच असन. गॅस काऊन जाळता? पाचही भंगार, असं लिहितो."

दारात उभ्या असलेल्या स्वीटीने सुस्कारा टाकला. शिपायाने पेन काढलं. पुनाजी काही बोलला असता तर सगळं जाणार होतं. न बोलता पोरगीही वाचत होती आणि रायफलही.

"साहेब," तो म्हणाला, "हिच्यात सळई नाई."

"अहो!" सखू ओरडली. "तुमची जीभ काऊन वळवळून राह्यली?"

"आज लपवली, अन् उद्या वर्दी घातल्यावर पोरीच्या घरातून निघाली त? मंग ते कोणाची म्हणतीन?"

जमादार खाटेवर बसले. शिपायाच्या हातून कागद घेतला. मग म्हणाले, "आता मले गुन्हा लिहाच लागते, पुनाजी."

पुनाजी तीन दिवस कोठडीत होता. गोळी त्याने आयुष्यात हातात धरली नव्हती, हे सगळ्यांना पटलं. कागदाला पटत नव्हतं. जामिनावर सुटून आला तेव्हा शेठने फाटकातूनच परत पाठवलं. अख्खी रायफल माझ्या चुकीने बाहेर गेली, असं मी शेठला सांगितलं. त्याने माझाही हिशेब मिटवला. मला तशीही सहा महिन्यांनी वयामुळे कायमची सुट्टीच होती. पुनाजी छप्पन्न वर्षांचा होता आणि कुठेच सुट्टी नव्हती.

तो जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायला लागला. कापूस हलका असतो असं ज्यांनी उचलला नाही ते म्हणतात. बोजा हाताला सापडत नाही, छातीशी धरावा लागतो आणि श्वासात तंतू जातात. महिनाभरात त्याला खोकला लागला.

स्वीटीसोबत निवडलेल्या पोरी रुजू झाल्या. तिला काहीच आलं नाही. दर सोमवारी ती भरतीच्या कार्यालयात जाऊन उभी राहायची आणि परत यायची. पहाटेचं धावणं तिने सोडलं. घरात भिंतीवर खिळे तेवढे होते. सुऱ्याही सखूने पोत्यात बांधून टाकल्या होत्या.

पुनाजी एकदा ठाण्यात गेला. मी सोबत होतो. "साहेब, मले काय शिक्षा द्याची ते द्या. पण तिचा कागद अडकवू नका."

"म्या कवाच पाठवला," जमादार म्हणाले. "बापावर गुन्हा आहे, पोरीवर नाई. बापानं स्वतः सांगितलं, हेही लिहिलं. आता वरचे काय करतीन, माह्या हातात नाई."

तिथून बाहेर पडल्यावर पुनाजी पायरीवर बसला. "गुलाबभाऊ, म्या चूप राहाले पाह्यजे होतं का?" मी त्याची सायकल पायरीशी आणून उभी केली.

चौथ्या महिन्याच्या शेवटी पत्र आलं. स्वीटीला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. खटला चालूच आहे. प्रत्येक तारखेला पुनाजीचा दिवस बुडतो आणि वकिलाला वेगळं द्यावं लागतं. पाचवी रायफल कुठे तपासणीला पडून आहे, ते आम्हाला कुणी सांगत नाही. तो विचारतही नाही.

पत्रासोबत आणायच्या सामानाची यादी होती. जिनिंगचा हंगाम संपला त्या आठवड्याची सहा दिवसांची मजुरी हातात आली, तसा पुनाजी वर्ध्याच्या बाजारात गेला. पोरीसाठी त्याने काळी लोखंडी पेटी, मच्छरदाणी आणि एक कुलूप घेतलं.